अवसेच्या आकाशातला चंद्र

दिवस कलला की अवसरी खुर्दच्या शिवारातला माणूस घराकडे वळतो. उसात बिबट्यानं बस्तान मांडल्यापासून गुरंसुद्धा हाक न मारता गोठ्यात येऊन उभी राहतात. त्या वेळी दारं लोटून घेणाऱ्या वस्तीवर एकच पोरगी उलट्या दिशेनं निघायची, गच्चीवर. समृद्धी. एका हातात सेक्स्टंटची, म्हणजे ताऱ्यांची उंची मोजायच्या यंत्राची, लाकडी पेटी, दुसऱ्या काखेत पितळी परात, आणि परातीत ओतायला गुऱ्हाळावरनं आणलेल्या काकवीची किटली.

"निघाली बया चांदण्यांना गोडधोड खाऊ घालाया," ठकूबाई ओसरीवरून म्हणायची. ठकूबाई तिची मोठी चुलती, तिला ती मोठी आई म्हणे. "सासरी गेल्यावर नवऱ्याला काय घालशील गं? अंधार?"

"तो जेवून आलेला बघेन, मोठी आई."

समुद्रावर ताऱ्याची उंची मोजायची ती क्षितिजापासून. पाणी आणि आभाळ जिथं मिळतं ती रेघ तिथं सरळ, स्वच्छ असते. अवसरीत कुठली रेघ? पश्चिमेला डोंगर, बाकी तिन्ही अंगांना ऊस, पोल्ट्रीची शेडं आणि मोबाइलचा टॉवर. म्हणून परातीत काकवी. पाणी वाऱ्यानं थरथरतं, काकवी थरथरत नाही. दाट काळ्या काकवीत तारा उतरतो आणि डोळा मिटल्यासारखा निवांत पडून राहतो. वरचा तारा सेक्स्टंटच्या आरशातून खाली आणायचा, काकवीतल्या ताऱ्यावर टेकवायचा, आलेला कोन निम्मा करायचा. ही युक्ती तिला वडिलांनी शिकवली होती. त्यांना ती एका म्हाताऱ्या कप्तानानं शिकवली होती, त्यानं काकवीऐवजी इंजिनाचं तेल वापरलं होतं एवढाच फरक.

पण ही नुसती हाताची सवय. खरा प्रवास चालायचा तो खालच्या खोलीत, कागदावर.

सुदर्शन भोर हे उभ्या पंचक्रोशीतले एकटेच कप्तान. निवृत्त होऊन गावी आले, तरी पहाटे चारला उठायचे आणि वाऱ्याची दिशा बघून मगच चहा घ्यायचे. समृद्धी त्यांची एकुलती एक. तिनंही दर्याचीच वाट धरली. कॅडेट म्हणून जहाजावर राहून आली, आता ऑफिसर होण्याची परीक्षा उरली होती, आणि त्या परीक्षेत ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढण्याच्या पेपरात ती एकदा आपटली होती. डिसेंबरात पुन्हा बसायचं होतं. या खेपेला पास झाली तर समुद्र, नाहीतर मंचरच्या एखाद्या कॉलेजात नोकरी आणि मग लग्न. हे कुणी बोललं नव्हतं. न बोलताच घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी कागदावर एक जहाज सोडतो," पप्पा म्हणाले होते. "मुंबई ते डर्बन. तू शोधायचं."

त्रिपुरी पुनव होऊन गेली होती, आईची तिथी झाली होती. केळीच्या पानावरचा घास कावळ्यानं लवकर नेला म्हणून ठकूबाई समाधानानं बसली होती. पप्पा त्या दिवशी पाटावर बसले, भटजीनं सांगितलं तसं पाणी सोडत राहिले, आणि शेवटी शेजारच्या माणसाला हळूच म्हणाले, "कुणाचं चाललंय हे?" ऐकणाऱ्याला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो.

खेळाचा नियम साधा होता. जहाज खरं कुठं आहे ते फक्त पप्पांना माहीत. सुरुवातीला त्यांनी समृद्धीला दिशा दिली, वेग दिला. त्यावरून ती रोज कागदावर जहाजाची अंदाजाची जागा मांडायची. मग पप्पा खऱ्या जागेवरून आकाश कसं दिसेल याचा हिशेब करून सांगायचे: अमुक वेळेला सूर्य इतका उंच, तमुक वेळेला अभिजित इतका. ती ते आकडे घेऊन बसायची. आल्मनॅक म्हणजे दर्यावर्दींचं पंचांग, त्यात त्या घटकेला तो तारा पृथ्वीच्या कुठल्या ठिकाणावर उभा आहे ते मिळतं. मग आपल्या अंदाजाच्या जागेवरून तो किती उंच दिसायला हवा होता ते काढायचं, पप्पांनी दिलेल्या उंचीशी ताडायचं, आणि जेवढा फरक तेवढी त्या ताऱ्याची रेघ कागदावर सरकवायची. तीन ताऱ्यांच्या तीन रेघा. त्या जिथं एकमेकींना छेदतात तिथं जहाज.

"परीक्षेत व्हेगा लिही," पप्पा म्हणायचे. "माझ्याशी बोलताना अभिजित म्हण. घरातल्या माणसाला घरातल्या नावानं हाक मारावी."

पहिले दिवस सुखाचे गेले. रेघा जवळजवळ एका ठिपक्यात मिळायच्या. पंधरा-एक मैलांची चूक रोज राहायची, ती तिनं प्रवाहाच्या नावावर टाकली. पप्पा कागदावर वाकून, चष्मा कपाळावर चढवून बघायचे. "बरंय. पोटापुरतं जमतंय," म्हणायचे. त्यांच्या तोंडून ही मोठीच शाबासकी.

मग एके दिवशी रेघा भलतीकडेच मिळाल्या.

तिच्या अंदाजानं जहाज विषुववृत्ताकडे, नैर्ऋत्येला चाललेलं. तारे म्हणाले, नाही, जहाज मागं आहे. तिनं सगळं पुन्हा केलं. बेरजा, वजाबाक्या, अंश आणि अंशाचे साठावे भाग, म्हणजे कला. तारे तेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते आणखी मागं गेलं, तिसऱ्या दिवशी त्याहून. ती डर्बनकडे चाललेली आणि जहाज जणू तिच्याकडे पाठ करून.

"पप्पा, कोर्स बदललाय का तुम्ही?"

"कोर्स तुला दिलाय तोच."

"मग प्रवाह? वादळ?"

"आकडे बरोबर आहेत," ते म्हणाले. "आकाश खोटं बोलत नाही, समृद्धी. चुकतो तो माणूस. परत कर."

ती परत करायची. रबरानं कागद इतका घासला की अरबी समुद्राला भोक पडलं. रात्री अंथरुणावर पडली की डोळ्यापुढं अंश यायचे. मागच्या खेपेला नापास झाली तेव्हा परीक्षक म्हणाला होता, तुझा पाया कच्चा आहे. तेव्हा राग आला होता. आता तेच वाक्य अंगाशी घट्ट होऊन बसलं. आपल्याला हे येतच नाही. आजवर आलं ते नशिबानं आलं. असल्या हातात जहाज कोण देईल?

पप्पांशी बोलावं तर ते हल्ली लवकर चिडायचे. एकदा स्वतःचा चहा पिऊन झाला आणि कपाकडे बघत, जहाजावरच असल्यासारखे म्हणाले, "स्टुअर्डनं चहा आणला नाही अजून." ती हसली. ते हसले नाहीत.

मग आली अवस. त्या दिवशी सकाळी कांद्याच्या लागणीच्या बाया आल्याच नाहीत. रोपं ओल्या गोणपाटाखाली तशीच पडली. गेणभाऊ, तिचे थोरले चुलते, ट्रॅक्टरच्या चाकापुढं नारळ फोडून, टायरला लिंबू चिरडून ओसरीवर बसले होते.

"आज न्हाई यायच्या," ठकूबाई म्हणाली. "अवस हाय. अवसंला रोप लावलं तर गड्डा धरत न्हाई."

"गेल्या साली पुनवंला लावलं व्हतं. भावानं कुठं गड्डा धरला?" गेणभाऊ म्हणाले.

"तुमी गप बसा. नारळ फोडला न्हाई का आत्ता? टॅक्टरला अवस कळती आन कांद्याला न्हाई व्हय?"

समृद्धीनं खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि विसरली.

संध्याकाळी गच्चीवर गेली. आभाळ असं स्वच्छ, की हात लावला तर बोटाला निळं लागेल. अभिजित मावळतीच्या बाजूला उतरत होता, श्रवण त्याच्या डाव्या अंगाला, आणि दक्षिणेला एकटा पडलेला मीनास्य. पूर्व मात्र पार रिकामी, सारवलेल्या भिंतीसारखी. तिनं दोन तारे काकवीत उतरवून घेतले, कोन टिपले आणि खाली आली.

पप्पा टेबलाशी बसले होते. आज चेहरा उजळ होता. दाढी केलेली, केस विंचरलेले.

"आज तुला चंद्र देतो," ते म्हणाले. "चंद्र सगळ्यांत अवघड, म्हणून राखून ठेवला होता. लिहून घे. अभिजित." त्यांनी उंची सांगितली. "मीनास्य." तीही सांगितली. "आणि चंद्र. पूर्वेला, पंधरा अंश आणि वर थोड्या कला. वेळ तीच, संधिप्रकाशाची."

ती लिहीत गेली. लिहून झाल्यावर पेन्सिल थांबली.

"चंद्र आत्ता? संध्याकाळी?"

"मग काय दुपारी देऊ?"

"पूर्वेला?"

"पूर्वेलाच उगवतो तो, अवसरीत काय आणि आफ्रिकेत काय. लाग कामाला."

तिनं आल्मनॅकमध्ये आजची तारीख काढली. चंद्र सूर्याच्या शेजारीच होता, त्याच्याबरोबर मावळून गेलेला. तो दिसणं शक्यच नव्हतं. मुंबईतून नाही, डर्बनमधून नाही, पृथ्वीच्या पाठीवर कुठूनच नाही. तोंडातली खोबऱ्याची चव परत आली. अवस हाय.

आधी तिला हसू आलं. सापडला म्हातारा, असं वाटलं. इतके दिवस माझ्या चुका काढत होता. ती मान वर करून बोलणार होती, तेवढ्यात तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते खिडकीतून पूर्वेकडे बघत होते, चंद्र वर येताना माणूस बघतो तसे.

"उद्या पुनव," ते म्हणाले. "उजेडात पोचू."

हसू तिथंच विझलं.

वीस नोव्हेंबर आणि उद्या पुनव. असं वर्ष तिला आल्मनॅकमध्ये शोधावं लागलं नाही. आई गेली ते साल; ती तेव्हा आठ वर्षांची होती. त्रिपुरी पुनवेची पहाट होती, अंगणात लावायच्या पणत्या तेलासकट तशाच राहिल्या होत्या. घर आईची तिथी धरतं, म्हणून दर वर्षी श्राद्ध पुनवेला. जहाजावरचा माणूस तारीख धरतो. तिथी पंधरा दिवसांपूर्वी येऊन गेली, पप्पांना ती ओळखूसुद्धा आली नाही. तारीख मात्र त्यांच्या अंगात चालत होती, आणि ती पंधरा वर्षांपूर्वीची होती.

सूर्य दर साली त्याच तारखेला जवळजवळ त्याच जागी येतो. तारेही येतात. म्हणून इतके दिवस काही कळलं नाही, पंधरा-एक मैलांचा फरक ती प्रवाहावर ढकलत राहिली. चंद्र तसा येत नाही. तो कुणाचं वर्ष पाळत नाही.

तिनं मोबाइलवरच्या आल्मनॅकमध्ये वर्ष मागं नेलं. आकडे सरळ येत गेले. अभिजितची रेघ ओढली. मीनास्याची ओढली. मग चंद्राची. तिन्ही रेघा एका टोकदार ठिपक्यात मिळाल्या, सुईच्या नेढ्यातून दोरा जावा इतक्या नेमक्या. जहाज मुंबईच्या नैर्ऋत्येला होतं, एका दिवसाच्या वाटेवर. तोंड घराकडे.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून एकही आकडा नाही. डिसेंबरातला तो पेपर ती डोळे झाकून सोडवेल. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला हे पक्कं कळलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं की त्याचा आता उपयोग नाही. ज्या माणसाला एकटं ठेवून समुद्रावर जायचं तो माणूस आज कुठल्या सालात आहे ते त्यालाच माहीत नव्हतं. ते कुठून आकडे काढत होते हे विचारायचीही गरज उरली नाही. फडताळात तीस वर्षांचे आल्मनॅक ओळीनं उभे होते.

"सापडलं?" पप्पांनी विचारलं.

"सापडलं."

"कुठं आहोत?"

"घराजवळ," ती म्हणाली, आणि जेवायला वाढते असं सांगून उठली.

खरं काय घडलं होतं ते सगळ्या घराला पाठ होतं, फक्त मोठ्यानं कुणी म्हणत नसे. सुदर्शन तेव्हा चीफ ऑफिसर होते. मुंबई सोडून काही दिवस झाले होते आणि जहाजावरच्या फोनवर गेणभाऊंनी कळवलं, उज्ज्वलाची कावीळ वाढलीय. बायको आजारी आहे म्हणून कुणी जहाज मागं फिरवत नाही. कप्तानानं फिरवलं नाही, सुदर्शननं मागितलं नाही. पुनवेला ती गेली. गेणभाऊंनी ठरवलं, भाऊ पाण्यावर आहे, एकटा आहे, काही बरंवाईट करून घेईल. पोचल्यावर सांगू. मग रोज फोनवर एकच: "बरी हाय. आत्ता डोळा लागलाय तिचा." डर्बनला जहाज लागलं, विमान मिळालं, तोवर दहावा उरकला होता. विमानतळावर न्यायला गेणभाऊच गेले होते. उकडत होतं. त्यांनी टोपी काढून घाम पुसला, आणि सुदर्शनना भावाच्या डोक्याचा गोटा दिसला. काही सांगावं लागलं नाही.

त्यावर दोघे भाऊ कधीच बोलले नाहीत. पण पुढं सुदर्शन सुटीवर यायचे ते नाशिक फाट्यावरनं एसटी धरून, एकटे. गाडी घेऊन येऊ का, असं गेणभाऊंनी परत विचारलं नाही.

सकाळी समृद्धी कांद्याच्या रानात गेली. अवस सरली होती, आज पाडवा, म्हणून बाया वाफ्यांत उतरल्या होत्या. गेणभाऊ बांधावर उभे होते. तिनं सगळं सांगितलं, ताऱ्यांचं थोडक्यात, बाकीचं पुरतं. त्यांना ताऱ्यांचं कळलं नाही. पुनवेचं कळलं.

त्यांनी पायानं माती ओढून वाफ्याचं तोंड सारखं केलं.

"म्हंजी त्याच्या डोक्यात उज्ज्वला हाय अजून."

"हो. आणि आज पोचणार आहेत."

"मग पोचू दे की."

"आणि पोचल्यावर, तात्या?"

"पोचल्यावर बघू," ते म्हणाले, आणि आपलाच आवाज ऐकून चपापले.

वाफ्यात एक म्हातारी बाई रोप खोचता खोचता गुणगुणत होती. तिच्या जुन्या ओव्या, कुणी लिहून न ठेवलेल्या.

समुंदराच्या पल्याड, कंथ माझा गेला बाई
चांदा तुला दिसतो का, मला वाट दिसत न्हाई

"डॉक्टरला दाखवू," गेणभाऊ म्हणाले. "पुण्याला नेऊ. अलीकडं औषधं निघाल्याती."

"नेऊ. पण आज संध्याकाळी ते विचारतील."

"सांग आजारी हाय. सांग माहेरी गेलीया. दोन दिसांनी इसरल, पोरी. खोटं लागू पडतंय अशा माणसाला. कशाला त्या जिवाला परत..." त्यांनी खांद्यावरचं फडकं तोंडावरून फिरवलं.

ती दिवसभर त्यावरच विचार करत राहिली. जहाज थांबवता आलं असतं. तिला ते सहज जमलं असतं, आता तिच्या हाती आकाश होतं. समोरून वारा दाखवायचा, इंजिनात बिघाड काढायचा, रोज थोडं अंतर राखायचं. किनारा दिसेल पण लागणार नाही. पप्पा रोज दाढी करतील, रोज पूर्वेकडे बघतील. आई रोज एक दिवस आणखी जगेल. आणि तो माणूस, ज्याला एकदा सगळ्यांनी मिळून आशेवर झुलवलं, तो मरेपर्यंत झुलत राहील, आणि झुलवणारी ती असेल.

संध्याकाळी ती गच्चीवर गेली नाही.

पप्पांनी पांढरा शर्ट घातला होता. कॉटवर जुनी बॅग उघडी होती, आत दोन पँटी, औषधाचा डबा आणि सकाळचं वर्तमानपत्र, उगाचच.

"गेणभाऊ आला का गाडी घेऊन?" त्यांनी विचारलं. "धक्क्यावर उभा राहा म्हणावं. आत येऊ देत नाहीत."

गेणभाऊ दारातच होते. टोपी हातात घेऊन उभे. त्यांनी समृद्धीकडे पाहिलं, मग भावाकडे.

"आलोय," ते म्हणाले.

"उज्ज्वला कशीय?"

गेणभाऊंचे ओठ हलले. तेच शब्द होते, पंधरा वर्षं तोंडात मुरलेले. "बरी हाय. आत्ता डो..."

"तात्या," समृद्धी म्हणाली.

ते थांबले. ती वडिलांच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. ऊब होती, बोटांना पेन्सिलीचं शिसं लागलेलं. पंधरा वर्षं झाली असं म्हणावं का? त्यांना त्यांच्या सालातून ओढून काढावं का? ते तिला झेपलं नाही. ती त्यांच्याच तारखेत उतरली.

"पप्पा, आई गेली. आज पहाटे."

गेणभाऊंनी चौकटीला हात लावला.

"आज," सुदर्शन म्हणाले.

"हो."

त्यांनी कागदाकडे पाहिलं, कालच्या ठिपक्याकडे. बोट ठिपक्यावर ठेवलं आणि तिथून किनाऱ्यापर्यंत हळूहळू नेलं.

"म्हणजे एका दिवसानं हुकलं," ते म्हणाले. "जहाज फिरवलं तरी."

तिनं त्यांचा दुसरा हात घट्ट धरून ठेवला.

"जवळ कोण होतं?"

"मी होते."

हे त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. पंधरा वर्षांत कधीच नाही. ते तिच्याकडे बघत होते, पण कुठल्या समृद्धीकडे ते तिला कळेना. आठ वर्षांच्या की तेवीस वर्षांच्या.

"काही बोलली?"

"पाणी मागितलं. मग म्हणाली, पणत्यांत तेल घातलंय, झाकून ठेव, मांजर पाडेल."

"एवढंच?"

"एवढंच."

सुदर्शन मान हलवत राहिले. मग अगदी बारीक हसले. "तिचं तसंच," म्हणाले. आणि त्यानंतर रडले. आवाज न करता, खांदे हलवत. गेणभाऊ जागचे हलले नाहीत. मग दोन पावलं आत आले आणि भावाच्या पाठीमागं उभे राहिले. हात ठेवावा की न ठेवावा अशा विचारात तो हात बराच वेळ हवेत राहिला, आणि शेवटी ठेवला. सुदर्शननी तो झटकला नाही.

पुष्कळ वेळानं त्यांनी डोळे पुसले, चष्मा लावला.

"इंजिन रूमला सांग," ते समृद्धीला म्हणाले. "वेग कमी करा. आता घाई नाही. उद्या उजाडल्यावर आत जाऊ."

"सांगते."

तिनं कागद पुढं ओढला, उद्याच्या जागेचा अंदाज खोडून पुन्हा मांडला. वेग निम्मा. पेन्सिलीचा ठिपका किनाऱ्यापासून जरा मागं आला. ते लक्ष देऊन बघत होते. मग खुर्चीतच डोळा लागून मान कलली. ठकूबाईनं येऊन अंगावर शाल टाकली आणि बॅगेतलं वर्तमानपत्र काढून घेतलं.

समृद्धी आणि गेणभाऊ ओसरीवर आले. उसाकडून कुठंतरी कुत्री भुंकत होती, शेजारच्या वस्तीवर कुणीतरी बिबट्याला पळवायला डबा वाजवत होतं. गेणभाऊंनी टोपी गुडघ्यावर ठेवली होती. डोक्यावर आता पांढरे केस होते, विरळ.

"उद्या परत इचारलं तर?" ते म्हणाले.

"तर परत सांगीन."

"रोज?"

"विचारतील तेवढ्या वेळा."

"आन तुजी परीक्षा?"

खाली वाफ्यांत पाणी सोडलेलं होतं. मोटार बंद करायची राहिली होती. ती उठली, चप्पल शोधली, बॅटरी घेतली.

"परीक्षा दर काही महिन्यांनी असते, तात्या," ती म्हणाली, आणि मोटार बंद करायला निघाली. तिला एकटीला अंधारात जाऊ द्यायचं नाही म्हणून तेही काठी घेऊन मागोमाग निघाले.